पात्वाला वर्गाबाहेर न काढणारी शिकवणी

इथे जमैकात, किंग्स्टनमध्ये मुलांना सिक्स्थ फॉर्मला (बारावी-तेरावीला) घालणाऱ्या ओळखीच्या घरांतून दर ऑगस्टमध्ये मला एकच प्रश्न येतो: कम्युनिकेशन स्टडीजला शिकवणी लावायची का, आणि लावायची तर कुठे? फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढते. माझी मुलगी गेलं शैक्षणिक वर्षभर ज्या वर्गाला गेली, त्या वर्गाबद्दल हे आहे. त्याचं नाव देत नाही. एका निवृत्त शिक्षिका आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर तो चालवतात आणि त्यांना जाहिरात नको आहे. हाफ वे ट्रीच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून चालत जाण्याइतकं अंतर. मुलं त्यांना नुसतं 'मिस' म्हणतात, मीही तेच म्हणते.

मत आधीच सांगून टाकते: लावा. वर्गात उणिवा आहेत, त्यातली एक मला फारच खटकते, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण मुलांना त्यांच्याच तोंडातल्या भाषेबद्दल, म्हणजे जमैकन पात्वाबद्दल, खाली मान घालायला न लावता चांगलं इंग्रजी शिकवणारी दुसरी जागा मला या शहरात सापडलेली नाही.

ज्यांना इथली परीक्षापद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरिबियन एक्झामिनेशन्स कौन्सिल, सगळ्यांच्या तोंडी सीएक्ससी, १९७२ मध्ये स्थापन झाली. त्याआधी इथली मुलं इंग्लंडमधल्या मंडळांच्या परीक्षा देत आणि उत्तरपत्रिका तपासायला समुद्रापार जात. १९७९ मध्ये सीएक्ससीच्या स्वतःच्या परीक्षा सुरू झाल्या आणि १९९८ पासून त्यावरची पायरी म्हणून केप आली. कम्युनिकेशन स्टडीज हा केपचा विषय. असोसिएट डिग्री, म्हणजे केपचे ठरलेले विषय पास झाल्यावर सीएक्ससी देते ती पदवी, हवी असेल तर तो लागतोच, म्हणून गणित आणि भौतिकशास्त्र घेणारं मूलही त्यातून सुटत नाही. नाव ऐकून पालकांना वाटतं, भाषणं कशी करावीत, पत्रं कशी लिहावीत असं काहीतरी असेल. तेही आहे. पण विषयाचा गाभा आहे तो कॅरिबियनमधली भाषा. क्रियोल, म्हणजे पात्वासारखी भाषांच्या मिसळणीतून घडलेली भाषा, नेमकी काय असते, प्रमाण इंग्रजीशी तिचं नातं काय, एकच माणूस चर्चमध्ये, बाजारात आणि बँकेत वेगवेगळा का बोलतो, आणि आपल्याच बोलीला आपलीच माणसं नावं का ठेवतात. दुसऱ्या पेपरात तीन मोठे निबंध असतात आणि त्यातला एक थेट यावर. बहुतेक वेळा एक उतारा देतात. त्यात एखादी आजी क्रियोलमध्ये बोलत असते, निवेदन इंग्रजीत असतं, आणि मुलाने सांगायचं असतं की लेखकाने असं का केलं.

आता बघा, याच मुलाला पहिलीपासून अकरावीपर्यंत सांगितलेलं असतं, 'असं बोलू नकोस, नीट बोल.' आणि बारावीच्या वर्षी परीक्षा त्याला विचारते, की तू जे बोलतोस त्याची रचना समजावून सांग. बहुतेक मुलं इथे गडबडतात. बोलणं त्यांना येतं, पण त्याकडे भाषा म्हणून बघायची परवानगीच कुणी दिलेली नसते.

मुलगी आधी दुसऱ्या एका शिकवणीला जात होती. तिथे क्रियोलची व्याख्या पाठ करून घेत, वैशिष्ट्यांची यादी पाठ करून घेत, आणि वर्गात कुणी पात्वात उत्तर दिलं की शिक्षक हात वर करून थांबवत, 'इंग्रजीत सांग.' वहीत लिहून दिलेलं असे की जमैकन क्रियोल ही नियमबद्ध भाषा आहे. तीच भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याच तासाला गप्प केलं जाई. मुलांना हा विरोध कळत नाही असं समजू नये. मुलगी घरी येऊन म्हणायची, "आई, पेपरात लिहायला पात्वा भाषा आहे, आणि वर्गात बोलायला नाही." आम्ही पहिल्या सत्रानंतर तो वर्ग सोडला.

मिसच्या वर्गाचा पहिला तास पालकांसाठीही खुला असतो. मी मागच्या बाकावर बसले होते. मिसने प्रस्तावना केली नाही. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: शी आ टीचा. शी दे आ स्कूल. शी टाल. ती शिक्षिका आहे, ती शाळेत आहे, ती उंच आहे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद लागतं. पात्वात मात्र ती कोण आहे हे सांगायला 'आ', कुठे आहे हे सांगायला 'दे', आणि कशी आहे हे सांगताना मध्ये काहीच नाही, विशेषणच क्रियापदाचं काम करतं. मग मिसने खडू एका मुलाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तिसऱ्या वाक्यात 'आ' घाल आणि मोठ्याने वाच." त्याने वाचलं, 'शी आ टाल', आणि अख्खा वर्ग हसला. मिसने लगेच विचारलं, "का हसलात? हे चूक आहे असं तुम्हाला कुठल्या बाईंनी शिकवलं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. कुणीच शिकवलेलं नव्हतं. तरी वीस-बावीस मुलांना एकाच क्षणी ते कानाला खटकलं होतं. मिस म्हणाल्या, "ज्या भाषेत चूक होऊ शकते, तिला नियम असतात. तुमच्याकडे एक व्याकरण आधीच आहे. आपण दुसरं त्याच्या शेजारी ठेवणार आहोत."

'शेजारी ठेवणं' हीच त्यांची पद्धत. प्रत्येक मुलाने एक लांब वही आणायची आणि पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे पात्वातलं वाक्य आणि त्याचा नियम, उजवीकडे इंग्रजी वाक्य आणि त्याचा नियम. अनेकवचनाचं पान बघितलं तर पद्धत कळते. पात्वात 'दि पिकनी देम' म्हटलं की मुलं अनेक झाली. संख्या आधीच सांगितली असेल तर त्याचीही गरज नाही, 'दोन पुस्तक' म्हटलं की दोन आहेत हे कळलं, नामाला शेपूट कशाला? मग इंग्रजी निबंधात मूल 'टू बुक' लिहितं तेव्हा ते आळशी नसतं, डाव्या रकान्यातला नियम उजव्या रकान्यात वापरत असतं. भूतकाळाचंही तसंच. काल गावात गेलो हे सांगताना 'काल' आला की क्रियापद न बदलता चालतं. इंग्रजीला ते चालत नाही. मिस उत्तरपत्रिकेवर लाल काट मारत नाहीत, समासात वहीतल्या पानाचा क्रमांक लिहितात. मुलाने ते पान उघडायचं आणि स्वतः दुरुस्त करायचं. नाताळच्या सुट्टीपर्यंत प्रत्येकाला आपले दोन-तीन कायमचे क्रमांक पाठ झालेले असतात. माझ्या मुलीला नववं पान सतत येई. त्यावर कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद होतं.

मला या पद्धतीत सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की घाबरून केलेल्या चुका कमी होतात. ज्या मुलांना सतत 'नीट बोल' म्हटलं जातं ती नको तिथे शेवटी 'स' लावतात, स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला पुढे 'ह' जोडतात. इथले लोक याला 'स्पीकी-स्पोकी' म्हणून चिडवतात, आणि परदेशी ढंग आणून बोलणाऱ्याला 'ट्वँग करतो' म्हणतात. म्हणजे मूल दोन्हीकडून मार खातं. पात्वा बोललं तर अडाणी, इंग्रजी बोलायला गेलं तर ढोंगी. मुलग्यांचं तर आणखी कठीण. मित्रांसमोर पूर्ण इंग्रजी वाक्य बोललं की तो बायकी ठरतो, ही भीती त्यांच्या मनात खरोखर असते. खाकी गणवेशातले सहा फुटी मुलगे पहिल्या महिन्यात ओठ न हलवता उत्तरं देत होते. मिसने त्यांना इंग्रजीत बोलायला लावलं ते बातम्या वाचण्याच्या निमित्ताने. एकच बातमी आधी रेडिओवर सांगतात तशी, मग तीच रूट टॅक्सीत, म्हणजे इथल्या शेअर टॅक्सीत, शेजारच्याला सांगावी तशी. दोन्हीत मजकूर तोच असला पाहिजे. टॅक्सीतली आवृत्ती इतकी रंगायची की पहिल्या आवृत्तीची लाजही तिच्या भरात निघून जायची. एप्रिलपर्यंत तेच मुलगे उभे राहून दोन-तीन मिनिटं न अडखळता बोलत होते. हे मी दारात उभी राहून ऐकलेलं आहे.

भाषेची नोंदवही हा वर्गाचा दुसरा मोठा भाग. आठवडाभर प्रत्येकाने लिहायचं, कुणाशी कुठली भाषा बोललो आणि मध्येच बदलली तर का. हा पोर्टफोलिओतल्या, म्हणजे परीक्षेसाठी मुलाने स्वतः करायच्या लेखी कामातल्या, भाषा-विश्लेषणाचा सराव असतो, पण त्यातून जे निघतं ते परीक्षेच्या कितीतरी पुढे जातं. एका मुलाने लिहिलं होतं की ब्रुकलिनमधल्या मावशीचा फोन आला की तो मुद्दाम जास्त गडद पात्वा बोलतो, कारण मावशीला ते ऐकायचं असतं. तिची स्वतःची मुलं तसं बोलत नाहीत. एका मुलीने लिहिलं की देवाशी ती इंग्रजीत बोलते आणि देवावर रागावली की पात्वात.

वर्गात भारतीय वंशाची एक मुलगी आहे, क्लॅरंडनकडची. तिच्याबद्दल तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहिते. १० मे १८४५ ला 'ब्लंडेल' नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, तिथून जमैकातल्या भारतीय गिरमिटियांची गोष्ट सुरू होते. १९१७ पर्यंत ३६ हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक उत्तर भारतातून, भोजपुरी आणि अवधी बोलणारी. तिच्या घरात त्यातलं काय उरलं? स्वयंपाकातले काही शब्द, आजीच्या आजीचं एक टोपणनाव आणि आडनाव. ती पूर्ण पात्वा बोलते. तिच्या नोंदवहीत होतं, की शाळेत मुलं तिला म्हणतात, 'जरा इंडियन बोलून दाखव,' आणि ती म्हणते, 'मला येत नाही,' तेव्हा ते तिच्याकडे असं बघतात की तिने काहीतरी हरवलं आहे. आणि मग तिने लिहिलं होतं: मी काही हरवलेलं नाही, माझ्या पणजीने जी भाषा इथल्या उसाच्या मळ्यात उभी राहून शिकली ती मी बोलते, ती माझी आहे. मिसने ते वाचून दाखवलं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही. माझी मुलगी, जी घरी मराठी बोलते आणि अधूनमधून तिच्यासारख्या मुलींसमोर आपण 'खऱ्या भारतीय' म्हणून जरा ताठ चालायची, ती त्या संध्याकाळी बराच वेळ विचारात होती. रात्री तिने आपल्या वहीत 'माझ्या भाषा' असं लिहून खाली मराठी, इंग्रजी आणि पात्वा अशी तिन्ही नावं लिहिली. पात्वाला तिने माझी म्हटल्याचं मला बरं वाटलं. ज्या गावात ती मोठी होते आहे, त्या गावाची भाषा तिला परकी वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

मिसचा नकाशाचा तासही चुकवू नये असा. सीएक्ससीची परीक्षा १६ देशप्रदेशांतली मुलं देतात. उतारा त्रिनिदादचा येऊ शकतो, गयानाचा येऊ शकतो. म्हणून त्या भिंतीवर अख्ख्या कॅरिबियनचा नकाशा लावतात आणि एकेका बेटावर थांबतात. सेंट लुशिया आणि डॉमिनिका, अधिकृत भाषा इंग्रजी, पण घराघरांत फ्रेंच शब्दांवर उभी असलेली क्वेयोल. सुरिनाममध्ये कारभार डचमध्ये, बाजारात बोलली जाणारी स्रानन मात्र इंग्रजी शब्दांवर उभी, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची सरनामी वेगळीच. मग येतात दर्जाच्या गोष्टी. हैतीत १९८७ च्या संविधानाने क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत केलं. अरुबाने २००३ मध्ये तिथल्या क्रियोलला, पापियामेंतोला, आणि कुरसावसह नेदरलँड्स अँटिलीसने २००७ मध्ये, अधिकृत भाषेचा दर्जा दिला. जमैकात अधिकृत कारभाराची भाषा आजही इंग्रजीच. हे ऐकल्यावर मुलं खवळतात. "आपली गाणी सगळं जग म्हणतं, आणि आपल्याकडेच असं?" असा सूर. मिस त्यांना खवळू देतात आणि मग म्हणतात, "हैतीत कागदावर दर्जा आहे, पण तिथल्या पालकांना विचारा, ते मुलांना अजूनही फ्रेंच शाळेत का घालू पाहतात." निबंधाला मुद्दा मिळतो आणि मुलांना कळतं की कायदा बदलला की मन बदलतंच असं नाही.

इथे पालकांबद्दल लिहायलाच हवं. वर्ग सुटायची वाट बघत आम्ही खालच्या ओसरीवर उभे असतो. तिथे एका वडिलांनी एकदा मला स्पष्ट सांगितलं, "पात्वा माझ्या पोराला घरी फुकट मिळते. मी इथे इंग्रजीचे पैसे भरतो." त्यांचा राग मला समजतो. ते कोस्टर बस (इथली मिनीबस) चालवतात, आणि इंग्रजी नसल्यामुळे कुठल्या खिडकीवर कसा अपमान होतो ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. मिसने त्यांना वर बोलावून मुलाची वही दाखवली. सप्टेंबरचा निबंध आणि जानेवारीचा निबंध शेजारी शेजारी. म्हणाल्या, "सर, इंग्रजीच शिकवते आहे. तुमच्या मुलाला जे येतं तिथून सुरुवात केली, एवढंच." वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या सत्राचे पैसे त्यांनी भरले.

मी स्वतः फार्मसीत काम करते, त्यामुळे या वादात मला एक बाजू आहे. कुणी 'मी फुट आ हाट मी' म्हणालं तर त्याचं पाऊलच दुखतंय असं धरून मलम देता येत नाही, कारण इथे त्यात मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पाय येतो. वेळेवर एक प्रश्न जास्त विचारला तर औषध बरोबर जातं. डॉक्टर, नर्स, वकील, पोलीस, यांतलं कुणीही व्हायचं असेल तर या देशात दोन्ही भाषा नीट येणं ही गरज आहे. ज्या मुलाला पात्वाचं व्याकरण समजलं आहे ते उद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या माणसाला कमी लेखणार नाही, असा मला विश्वास आहे. आपल्याकडे घरी अहिराणी किंवा मालवणी बोलून शाळेत गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि लोकांना हे नकोच आहे असंही नाही. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना आवारात २००२ पासून जमैकन लँग्वेज युनिट काम करतं आहे. त्यांच्या २००५ च्या सर्वेक्षणात जवळपास ८० टक्के लोकांनी पात्वाला भाषा म्हटलं आणि सुमारे ७० टक्क्यांनी दोन्ही भाषांत शिकवणारी शाळा मुलांसाठी चांगली असं सांगितलं. त्याच सुमारास, २००४ पासून, काही प्राथमिक वर्गांत पात्वा आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवण्याचा प्रयोगही शिक्षण मंत्रालयाच्या परवानगीने झाला होता. तो काही वर्षं चालला आणि देशभर पसरला नाही. मिसला याची खंत आहे. मलाही आहे. जे सहाव्या वर्षी मिळायला हवं ते सतराव्या वर्षी, पैसे भरून, शनिवारी सकाळी मिळतं आहे.

आता उणिवा.

सगळ्यात मोठी ही, की मार्चनंतर वर्ग बदलतो. परीक्षा मे-जूनमध्ये, त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीनंतर फक्त जुने पेपर. ते ठीक आहे, सराव हवाच. पण मिस निबंधाचा साचा देतात: पहिल्या परिच्छेदात हे, दुसऱ्यात ते, अमुक संज्ञा आलीच पाहिजे. ज्या मुलीने नोंदवहीत पणजीबद्दल तसं लिहिलं, तिचा मे महिन्यातला सराव निबंध मी वाचला आणि तो इतर सगळ्यांच्या निबंधांसारखाच होता. मला हे मनाला लागलं. मी मिसशी बोलले. त्या म्हणाल्या, तपासणाऱ्याकडे वेळ थोडा असतो, मुद्दे डोळ्यांना दिसले पाहिजेत. पटतं आणि पटत नाही. वर्षभर मुलांना स्वतःचा आवाज देऊन शेवटच्या सहा आठवड्यांत तो काढून घेणं योग्य नाही. साचा द्यावा, पण त्यात एक परिच्छेद तरी मुलाचा मोकळा असावा.

दुसरी उणीव लेखनाची. ही मुलं दिवसभर फोनवर पात्वा लिहितात. एकच वाक्य पाच जणं पाच प्रकारे लिहितील, इंग्रजी स्पेलिंग आठवेल तशी ओढून. पात्वाला नेमकी लेखनपद्धत आहे. फ्रेडरिक कॅसिडींनी १९६१ मध्ये मांडलेली, जमैकन लँग्वेज युनिटने पुढे सुधारलेली. एका आवाजाला एकच खूण, जसं बोलता तसं लिहा. देवनागरीवर वाढलेल्या माणसाला ती तासाभरात पटते. मिस तिला एकच तास देतात आणि तोही घाईत. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून. मला वाटतं मुलांनी ही पद्धत शिकावीच, कारण जी भाषा नेमकी लिहिता येते तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. मुलीने त्या एका तासानंतर आपल्या मैत्रिणींच्या गटात त्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली. अर्ध्या जणींनी चिडवलं, दोघींनी उचललं.

बाकीच्या तक्रारी लहान. खोली गरम होते, पंखा एकच आहे आणि सप्टेंबरमध्ये मागच्या बाकापर्यंत वारा पोचत नाही. झेरॉक्स फिकट असतात, पालकांपैकी कुणीतरी त्या परत छापून आणतं. आठवड्याच्या मधला तास बुधवारी संध्याकाळी असतो आणि त्या वेळी हाफ वे ट्रीची वाहतूक म्हणजे सांगायलाच नको. जे.यू.टी.सी.च्या (सरकारी) बसवर अवलंबून असलेली मुलं अर्धा तास उशिरा येतात आणि त्यांचा तेवढा भाग बुडतो. मिस रात्री त्यांना व्हॉट्सॲपवर आवाजात भाग सांगून पाठवतात, हे कौतुकाचं. पण तास शनिवारी दोनदा घेतला तर सगळ्यांचीच सोय होईल. ऐकून उत्तर द्यायच्या प्रश्नांचा सराव कमी पडतो, तो घरी करून घ्यावा लागतो.

फीबद्दल. सत्राला २४,००० जमैकन डॉलर, वर्षाची तीन सत्रं, वही-झेरॉक्स त्यात धरून. ऐपत नसलेल्या दोन मुलांना मिस पैसे घेत नाहीत. कोण ते त्या सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. इतर शिकवण्यांच्या मानाने ही फी मधली आहे. जास्त वाटत असेल तर एकच गोष्ट लक्षात घ्या: इथे वीस-बावीस मुलं असतात, दुसरीकडे मी एका खोलीत पन्नास बघितली आहेत.

वर्गात एक लहान पुस्तकांचं कपाट आहे, त्याबद्दल सांगायचं राहिलं. मिस लुईस बेनेट-कव्हर्ली, सगळ्या जमैकाच्या मिस लू, यांच्या कविता त्यात दर्शनी ठेवलेल्या आहेत. मिस लूंनी १९७० पासून बारा वर्षं दूरदर्शनवर मुलांचा कार्यक्रम केला आणि एका अख्ख्या पिढीला आपली भाषा पडद्यावर ऐकवली. आमच्या मिस त्याच पिढीतल्या. २०१८ मध्ये गॉर्डन टाउनच्या चौकात मिस लूंचा पुतळा उभारला, तिथे त्या दरवर्षी वर्गाला घेऊन जातात. या सहलीचे वेगळे पैसे नाहीत, खाऊ मात्र आपला द्यायचा.

निकालाबद्दल विचाराल. मुलीला पहिली श्रेणी मिळाली. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली असं नाही, आणि कुणी तशी हमी देत असेल तर त्या शिकवणीपासून दूर राहा. कोस्टर बसवाल्या गृहस्थांचा मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला आणि आता टीचर्स कॉलेजला अर्ज करतो आहे. त्याला प्राथमिक शाळेत शिकवायचं आहे.

कुणासाठी नाही, तेही सांगते. फक्त शेवटच्या दोन महिन्यांत पेपर सोडवून घ्यायचे असतील तर इथे येऊ नका, मधूनच आलेल्या मुलाला लांब वहीचा काही उपयोग होत नाही. ज्या घरात मुलांना पात्वा बोलायला बंदी आहे, त्या पालकांनी आधी पहिल्या खुल्या तासाला येऊन बसावं आणि मग ठरवावं. आणि आपली मराठी मुलं, ज्यांना वाटतं की इथली भाषा आपल्याला शिकायची गरज नाही कारण आपण दोन-चार वर्षांत कॅनडाला जाणार आहोत, त्यांना तर जरूर पाठवा.

प्रवेश सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊला. आधी फोन करून जागा धरून ठेवत नाहीत. मुलाला बरोबर घेऊन जायचं, कारण मिस आधी त्याच्याशी बोलतात, पालकांशी नंतर. कुठल्या भाषेत उत्तर द्यायचं ते मुलाने ठरवायचं असतं. पत्ता हवा असेल तर मला विचारा, मी मिसला विचारून कळवते.